कडक भाकरीचा सिनेमा

“जावईबापू, कडक भाकरी मोडली की आवाज कसा येतो?”

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि मी बार्शीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहाची वाट बघत उभा होतो. जावयानं सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, असं माझी आई म्हणायची. पण चहा लवकर मिळतो तो तिथंच.

“कटकन येतो,” मी म्हणालो.

“तसाच आणखी कशाचा येतो?”

मी जरा विचार केला. “पापडाचा?”

“छे ओ! पापडाचा बारीक येतो, चुरचुर. हा चांगला भरीव आहे.” त्या स्वतःशीच मान हलवत म्हणाल्या, “मग भाकरीच. झालं तर.”

कसली भाकरी आणि काय झालं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. त्यांनी करंगळी कपात कडेनं सोडली आणि चहा ओतला. चहा करंगळीला टेकला तसं पातेलं सरळ केलं. असे पाच कप भरले आणि पाचही एका पातळीला. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. लिटरच्या मापात चमचाभर कमी पडलं तरी माझ्या नजरेतून सुटायचं नाही. मला त्या कपांचं कौतुक वाटलं. नुसतं कौतुक वाटलं, याची आता लाज वाटते.

ही दोन हजार नऊच्या जानेवारीतली गोष्ट. माझे सासरे, चन्नप्पा शेटे, हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात, व्हीसीआर भाड्यानं आणायचे. शनिवार-रविवार मिळून चार सिनेमे. त्यातल्या एका सिनेमात पंगत बसली होती आणि पुरणपोळ्या वाढत होते. माझा मेहुणा बसू तेव्हा सहा वर्षांचा होता. त्यानं “मला पण पायजे” म्हणून भोकाड पसरलं. सासूबाईंनी पुढच्या वेळी तोच सिनेमा आणायला लावला आणि पुरणपोळ्या तयार ठेवल्या. तेव्हापासून घरात पद्धतच पडली. सिनेमात जे खातील ते घरात शिजणार. सगळ्यांनी ताट पुढ्यात घेऊन बसायचं, पण हात लावायचा नाही. पडद्यावरचा माणूस पहिला घास उचलतो त्याच क्षणी सासूबाई आतून ओरडायच्या, “घ्या!” आणि मग अख्खं घर एकदम तुटून पडायचं.

सिनेमांची खरी नावं त्या घरात कोणाला आठवत नसत. पुरणपोळीचा सिनेमा, पोह्यांचा सिनेमा, शेंगापोळीचा सिनेमा, अशीच नावं. माझं लग्न झाल्यावर मला आधी हे सगळं येडपटपणाचं वाटलं. दुसऱ्या वर्षी मीही “घ्या!”ची वाट बघत हात मागे धरून बसायला लागलो.

सासरे दोन हजार सहात गेले आणि सिनेमे बंद पडले. सासूबाई, महानंदाबाई, अडुसष्ट वर्षांच्या. त्या बार्शीत एकट्या राहिल्या. बसू पुण्याला नोकरीत, आम्ही सोलापूरला. दोन हजार आठच्या दिवाळीत सासूबाई पायरीवरून घसरल्या. लागलं काही नाही, पण बसूनं धोशाच लावला की आता पुण्याला चला, एकटं राहायचं नाही. सासूबाईंना घर सोडायचं नव्हतं. दोन महिने फोनवर नुसती खडाखडी चालली. शेवटी त्यांनीच तोड काढली.

“जानेवारीत सगळे या. दोन दिवस सिनेमे करू, पूर्वीसारखे. सगळ्यांचं खाणंपिणं मी एकटी करते, कोणी ओट्यापाशी यायचं नाही. मला जमतंय का नाही ते डोळ्यांनी बघा आणि मग बोला.”

बसू कबूल झाला. जमलं तर आई बार्शीत, नाही जमलं तर पुण्यात. रविवारी दुपारी फैसला. बसूची बायको ज्योत्स्ना तेवढी म्हणाली, “आई, तेच ते सिनेमे किती वेळा बघायचे? एखादा नवीन असू दे.” सासूबाई म्हणाल्या, “असू दे की. पण आधी पाठवून द्या. मला बघून ठेवायला पाहिजे, काय शिजवायचं ते.” ज्योत्स्नानं पंधरा दिवस आधी कुरियरनं डीव्हीडी पाठवली. बसूनं मागच्या वर्षीच त्यांना डीव्हीडी प्लेअर घेऊन दिला होता.

तर आम्ही जमलो. मी, माझी बायको शैलजा, आमची पाच वर्षांची गौरा, बसू, ज्योत्स्ना आणि त्यांची आठ वर्षांची ईशा. आमची गौरा म्हणजे मुखदुर्बळ. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलली तर पुष्कळ.

शनिवारचे दोन्ही सिनेमे झकास पार पडले. सकाळी पोह्यांचा. त्यात नवरामुलगा मुलगी बघायला येतो, पोह्यांत खडा लागतो, तरी तो “वा, छान झालेत” म्हणतो. बरोबर त्या “वा”च्या आधी आतून आवाज आला, “घ्या!” दुपारी पुरणपोळीचा. पोळ्या तव्यावरून थेट ताटात येत होत्या, एकही फुटलेली नाही, एकही करपलेली नाही. बसू तीन खाऊन गादीवर आडवा झाला.

“दाजी, आई तर आपल्यालाच म्हातारं ठरवेल,” तो मला म्हणाला. “मी उगाच घाबरलो होतो.”

शैलजा खुशीत होती. तिला आईनं बार्शीतच राहावं असं वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंची कल्पनाच करवत नव्हती.

दिवसभरात दोन-तीन बारीक गोष्टी माझ्या नजरेत आल्या. फळीवरच्या डब्यांना रबर लावलेले होते, कुठल्या डब्याला एक, कुठल्याला दोन. ईशा नवा ड्रेस घालून पुढ्यात उभी राहिली तर सासूबाईंनी आधी तिच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं आणि “कुठला गं रंग म्हणतात याला?” असं विचारलं. ईशा म्हणाली, “मोरपंखी.” मग त्या म्हणाल्या, “शोभतो हो तुला मोरपंखी.” वजनमापे खात्यातल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, असं शैलजा मला नेहमी म्हणते. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळी नाश्ता आटोपून नवीन सिनेमा लावला. सासूबाईंनी आधीच ताटं वाढून दिली होती. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वर पातीचा कांदा. आमच्या भागातली कडक भाकरी म्हणजे पातळ थापून, शेकून, पार वाळवलेली. महिनाभर टिकते आणि मोडली की खोलीभर आवाज होतो. कालच्या प्रश्नाचा उलगडा झाला म्हणून मी मनात हसलो. ताटं मांडीवर घेऊन आम्ही ओळीनं बसलो.

सिनेमा बहीण-भावाचा होता. भाऊ शहरात गेलेला, वीस वर्षं गावाकडे फिरकलेला नाही. बहिणीनं एकटीनं आईबापाचं केलं. भाऊ एके दिवशी अचानक दारात येतो. बहीण परसात पाठमोरी उभी राहून काहीतरी काम करत असते. ती मागे वळून बघते, पण रडत नाही, ओरडत नाही. एवढंच म्हणते, “बस. एवढं थापून होऊ दे, मग खा.”

त्यानंतर पाच-सहा मिनिटं कोणीच बोलत नाही. नुसता आवाज येतो, ठप, ठप, ठप. मग कटकन काहीतरी मोडल्याचा आवाज येतो.

“घ्या!” सासूबाईंचा आतून खणखणीत आवाज आला.

आमचे सगळ्यांचे हात भाकरीवर पडले आणि तिथंच थांबले. पडद्यावर आता स्पष्ट दिसलं, ती बहीण भिंतीवर गोवऱ्या थापत होती. कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले. भाऊ बाजूला दगडावर बसला होता. त्यानं वेलावरची एक काकडी तोडली होती आणि ती मोडून अर्धी तिच्या तोंडापुढे धरली होती. तिचे हात शेणाचे, म्हणून तो तिला भरवत होता.

मग ईशा किंचाळली, “ई! आजी, अगं ते शेण आहे!”

आणि सगळे फुटले. बसू तर ताट बाजूला ठेवून पोट धरून हसायला लागला. ज्योत्स्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात दह्याचं भांडं. हसण्याचा पहिला लोट ओसरेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. डोळे पडद्याकडे होते, पण पडद्याच्या जरा डावीकडे. मग एकदम त्या हसल्या.

“मग काय शेण घालू खायला?” त्या म्हणाल्या. “सिनेमात आहे तेच द्यायचं म्हणून घरच्यांना शेण वाढायचं का? ते आपापलं बाहेर खाऊन येता की सगळे.”

पुन्हा हशा. “आई, तू म्हणजे कमाल आहेस,” बसू म्हणाला. “मुद्दाम केलंस ना?”

“मग? थापायचं ते थापायचं. गोवरीला जोड म्हणून भाकरी. तुमची चेष्टा केली जरा.”

सगळ्यांना पटलं. न पटण्यासारखं काही नव्हतं, सासूबाईंना चेष्टेची हौस होतीच. मला एकट्याला पटलं नाही. कालपासूनचं सगळं माझ्या डोक्यात एका ओळीत येऊन उभं राहिलं. करंगळी, रबर, मोरपंखी, आणि तो प्रश्न. सिनेमा आधी बघून ठेवलेल्या बाईला तो आवाज कशाचा, हे मला विचारायची काय गरज होती?

मी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठलो आणि आत गेलो. त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

“आई.”

“शेंगापोळीचं सारण कमी पडेलसं वाटतंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जाऊन बसा ओ. सिनेमा जाईल तुमचा.”

“आई, तुम्हाला दिसत नाही का?”

त्यांनी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. आधी डाव्या हातानं जागा चाचपली, मग ठेवलं. इतक्या सफाईनं की एरवी मला ते कळलंही नसतं.

“दिसतं,” त्या म्हणाल्या. “कडेकडेनं दिसतं. मधलं गेलंय. आता तुम्ही पुढ्यात उभे आहात तर तुमचे कान दिसतायत. तोंड नाही दिसत.” मग जरा थांबून म्हणाल्या, “फार काही बिघडत नाही. तोंड मला पाठ आहे.”

“कधीपासून?”

“हे गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून. सोलापूरला दाखवून आले एकटीच, एसटीनं. तुमच्याकडे आले नाही म्हणून राग मानू नका. डॉक्टर म्हणाले, हे परत येणारं नाही. असंच राहील, नाहीतर वाढेल. औषध नाही.”

“मग सिनेमे? कालचे दोन्ही?”

त्या हसल्या. “जावईबापू, मी कधी सिनेमा बघितलाय? पंचवीस वर्षं झाली. तुम्ही सगळे तिकडे, मी इकडे. मला सगळे सिनेमे इथूनच माहीत. कोण कधी बोलतं, कधी ताट सरकवतात, कधी भांडं पडतं. त्यावर मी ‘घ्या’ म्हणते. यांना वाटायचं मी दारातून डोकावून बघते. तवा गॅसवर ठेवून कशी डोकावू? दिसत होतं तेव्हाही ऐकूनच केलं. म्हणून तर मला वाटलं, हाही जमेल.”

बाहेरून गाण्याचा आवाज येत होता. त्यांनी मान तिरकी करून तो ऐकला.

“एकदा ऐकला, परत ऐकला. थापून होऊ दे म्हणाली. ठप ठप आलं, कटकन आलं. दुसरं काय असणार? बाईमाणूस थापते म्हणजे भाकरीच थापणार ना.” त्यांनी फडक्याला हात पुसले. “शेणाला वास असता सिनेमात तर बरं झालं असतं.”

“बसूला सांगायला हवं, आई.”

“सांगितलं की मी पुण्याला. सातव्या मजल्यावर. ते वाईट नाहीत हो. ज्योत्स्ना तर जीव लावेल. पण तिथला ओटा माझा नाही. इथं मला हात कुठं टाकायचा ते ठाऊक आहे. इथं मी आंधळी नाही.”

मी दाराकडे बघितलं.

“शपथ घालत नाही तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “जावयाला शपथ घालू नये. तुमचं तुम्ही बघा.”

मी बाहेर येऊन बसलो. काही बोलायचं नाही असं मी ठरवलं. अगदी पक्कं ठरवलं, हे मला इथं नोंदवायचं आहे. ज्या बाईनं दोन दिवस सात माणसांचं खाणं एकटीनं काढलं आणि एक पोळी करपू दिली नाही, तिला तिच्या घरातून उठवण्याचा मला काय अधिकार? एखाद्या तागडीची एक साखळी झिजलेली असते, पण वाण्याला ती माहीत असते आणि तो बरोबर तोलतो. नियमानं ती तागडी जप्त करावी लागते. मी नोकरीत अशा तीन सोडून दिल्या होत्या. ही चौथी म्हणायची.

नवीन सिनेमा संपला. शेवटचा शेंगापोळीचा लावायचा होता, त्याआधी जेवण म्हणून कढी-भात. शैलजा आणि ज्योत्स्ना ओसरीवर बसून गप्पा मारत होत्या, आत यायची त्यांना बंदीच होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मला वाटतं, मी त्यांच्यावर नजर ठेवायलाच उभा होतो.

सासूबाईंनी कढीचं पातेलं दोन फडक्यांनी धरून गॅसवरून उतरवलं. कढी चांगली उकळलेली, वाफा निघत होत्या. ओट्याखाली जमिनीवर एक पाट कायमचा मांडलेला असायचा. गरम भांडं उतरवलं की त्याच पाटावर ठेवायचं, ही त्यांची पद्धत. त्या वळल्या, वाकल्या आणि पातेलं पाटाकडे न्यायला लागल्या.

पाटावर गौरा बसली होती. मांडीवर अर्धी कडक भाकरी घेऊन ती दह्यात बुडवून चोखत होती. मोडत नव्हती. कधी येऊन बसली ते मलाही कळलं नव्हतं. ती वर बघत होती, पातेलं खाली येताना बघत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती.

मी दोन पावलांत पोचलो आणि पातेल्याखाली हात घातला. पातेलं तिरकं झालं, कढी माझ्या तळहातावर आणि मनगटावर सांडली. उरलेली जमिनीवर. गौरा आता रडायला लागली.

“काय झालं? काय झालं?” सगळे धावत आले.

“माझा धक्का लागला,” मी म्हणालो. “मीच मध्ये आलो.”

“अहो, पण तुम्ही कशाला कडमडायला गेलात तिथं?” शैलजा माझा हात नळाखाली धरत म्हणाली. सासूबाई पातेलं घट्ट धरून तशाच उभ्या होत्या. गौराचं रडणं कुठून येतंय हे त्यांना ऐकू येत होतं. पाटावरून येत होतं.

हाताला तूप लावून, फडकं गुंडाळून मी बाहेर येऊन बसलो. आत सासूबाईंनी जमीन पुसली. कोणाला पुसू दिली नाही. मग पोळ्या लाटल्याचा आवाज यायला लागला. बसूनं सिनेमा लावायच्या आधी हात झटकले.

“चला, मी आपला शब्द पाळतो,” तो म्हणाला. “आई इथंच राहील. माझी काही तक्रार नाही. ताई, तुझं?”

“माझं तर आधीपासून तेच,” शैलजा म्हणाली.

“मग दाजींचं तेवढं घेऊ. दाजी, सरकारी माणूस तुम्ही. तुमचा शिक्का पडला की काम पक्कं.” तो हसत होता. सगळेच हसत होते. गौरा माझ्या मांडीवर झोपली होती, भाकरीचा तुकडा अजून मुठीत.

मी तिच्याकडे बघत होतो. तिला मोडायचं सुचलं असतं तर कटकन आवाज झाला असता. सासूबाई थांबल्या असत्या. सगळं त्या एका आवाजावर होतं, आणि माझी मुलगी आवाज न करणारी होती.

“बसू,” मी म्हणालो, “आईंना दिसत नाही.”

कोणाला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. करंगळी, रबर, सोलापूरचे डॉक्टर, गोवऱ्या. पातेलं सांगितलं. माझा आवाज कार्यालयात पंचनामा वाचतात तसा निघत होता, ते मला ऐकू येत होतं, आणि बदलता येत नव्हतं. शैलजा माझ्याकडे बघत होती. आता चोवीस वर्षं झाली लग्नाला. तसं तिनं माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

आतलं लाटणं थांबलं होतं. कधी थांबलं, कोण जाणे.

सासूबाई हातात परात घेऊन दारात आल्या. परातीत शेंगापोळ्या, वर तूप. त्यांनी ती न चाचपता आमच्या मधोमध बरोबर ठेवली. आम्ही कुठं बसलोय ते त्यांना आवाजावरून ठाऊक होतं. ठेवून त्या सरळ उभ्या राहिल्या.

“घ्या,” त्या म्हणाल्या.

सिनेमा लावलेलाच नव्हता. कोणी हात लावला नाही. त्या आत गेल्या.

महिन्याभरात त्या पुण्याला गेल्या. कोणी वाईट वागलं असं मी सांगणार असेन असं वाटत असेल, तर तसं काही नाही. ज्योत्स्नानं त्यांना सख्ख्या आईसारखं सांभाळलं. खोली वेगळी दिली, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या, संध्याकाळी खाली बागेत न्यायला बाई ठेवली. ओट्यापाशी मात्र येऊ दिलं नाही. “आई, तुम्ही बसा ओ, आयुष्यभर केलंत.” यात चूक काढण्यासारखं काय होतं? माझ्या तोंडून ती पातेल्याची गोष्ट ऐकलेली बाई दुसरं काय करणार?

शैलजानं मला कधी दोष दिला नाही. मुलीचा प्रश्न होता, तिलाही दिसत होतं. पण तिनं कडक भाकरी करायची सोडली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “वेळ नसतो.” मी बरोबर केलं की शेण खाल्लं, हे मला अजून सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही केलं असणार.

तीन वर्षांनी, पुण्यात काही काम होतं म्हणून मी दुपारचा बसूच्या घरी गेलो. सासूबाई एकट्याच होत्या. टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. टीव्हीवर कुठलासा जुना सिनेमा चालू होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्या सिनेमापुढे बसत होत्या, आणि आता त्यांना कडाही दिसत नव्हत्या.

“या जावईबापू,” मी चप्पल काढताक्षणी त्या म्हणाल्या. “बसा. हे काय चाललंय ते सांगा मला. मघापासून कोणी बोलतच नाहीये. काय खातोय का तो?”

मी पडद्याकडे बघितलं. एक म्हातारा माणूस मोकळ्या घरात जमिनीवर बसला होता. पुढ्यात काही नव्हतं, ताट नाही की वाटी नाही. तो कुठंतरी समोर बघत होता.

“खातोय,” मी म्हणालो. “कडक भाकरी.”

त्यांनी मान तिरकी केली. बार्शीच्या ओट्यापाशी करायच्या तशी. थोडा वेळ ऐकलं.

“आवाज कुठं आला?”

मी पडद्याकडेच बघत राहिलो.

“खोटं बोलायचं तेव्हा बोलला नाहीत,” त्या म्हणाल्या. राग नव्हता त्यात. माझ्या हाताला हात लागेपर्यंत त्यांनी बाजूला चाचपलं, आणि लागल्यावर तिथंच ठेवला. “आता या वयात कशाला सवय लावून घेता? खरं काय ते सांगा.”

“काही खात नाही, आई. नुसता बसलाय.”

“किती वेळ झाला?”

“बराच वेळ झाला.”

“हां,” त्या म्हणाल्या. “मग बरोबर आहे.”